लयवाचन आणि मात्रेचे भाग : गावाकडच्या संगीत विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत तबला, हार्मोनियम, गायन किंवा किबोर्ड शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. यातले बहुतेक प्रश्न वर्गात दरवर्षी येतात, परीक्षेचे फॉर्म भरायच्या दिवसांत तर रोजच. काही उत्तरं लांबली आहेत, कारण मुलं नेमकी तिथेच अडतात.

आमच्या गावात भजनाला कोणी कागद घेऊन बसत नाही, तरी हात चुकत नाही. मग वाचायला शिकायचं कशाला?

भजनात बसून ज्याचा कान तयार झाला त्याला लय वेगळी शिकवावी लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजेरी भजनांची परंपरा ज्या गावांत टिकून आहे, तिथलं पोरगं शाळेत असतानाच ठेका धरतं. पण तेच पोरगं परीक्षेला बसलं आणि समोर झपतालाची दुगुन (तोच ठेका दुपटीने) आली की गांगरतं. हाताला जे येतं ते कागदावर कसं दिसतं, हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं.

एक प्रयोग करून पाहा. भजनी ठेक्याचं एक प्रचलित रूप असं आहे, आठ मात्रांचं:

धिंऽ नाधिं ऽधिं नाऽ | तिंऽ नातिं ऽतिं नाऽ

हाताने सावकाश मात्रा (समान अंतराचे ठोके) मोजा आणि तोंडाने बोल (धिं, ना ही तबल्याची अक्षरं) म्हणा. पहिला धिं ठोक्यावर आला. दुसऱ्या मात्रेच्या ठोक्यावर ना आहे, धिं त्यानंतर अर्ध्या मात्रेने येतो. तिसऱ्या मात्रेच्या ठोक्यावर तर काहीच नाही, तिथला धिंसुद्धा अर्ध्यावरच पडतो. पुढे सहाव्या आणि सातव्या मात्रेत तिं तसाच. म्हणजे ज्याने 'अर्धी मात्रा' हा शब्दही ऐकलेला नाही, तो एका आवर्तनात (ठेक्याच्या पूर्ण फेरीत) चार वेळा अर्ध्या मात्रेवर अचूक थाप देतो. जे येतंच आहे ते डोळ्यांना ओळखू येऊ लागलं की पुढचं शिकणं फार सोपं होतं.

दुसरं कारण रोजच्या अडचणीचं आहे. गुरुजी तालुक्याच्या गावाहून आठवड्यातून एकदा येतात. मधले सहा दिवस वहीच गुरू असते. वही वाचता आली नाही तर ते दिवस मागचंच घोटण्यात जातात, आणि चुकीचं घोटलं असेल तर पुढचा तास ते पुसण्यात जातो.

लय, मात्रा आणि ताल यांत फरक काय?

लय म्हणजे समान अंतराने चालणारी गती. त्या गतीतला एक ठोका म्हणजे मात्रा. ठरावीक मात्रांचं, टाळी-खाली असलेलं, फिरून समेवर येणारं चक्र म्हणजे ताल. सम म्हणजे चक्राची पहिली मात्रा; टाळीच्या मात्रेला टाळी देतात, खालीच्या मात्रेला हात उलटा करून दाखवतात. व्याख्या पाठ असल्या तर परीक्षेत दोन गुण मिळतील. पण खरी समज हाताने मात्रा धरल्याशिवाय येत नाही.

एका मात्रेत दोन, तीन, चार बोल बसतात म्हणजे नेमकं काय होतं? मात्रा लहान होते का?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. दुगुन म्हटलं की मुलं हातही भरभर हलवायला लागतात. हात भरभर हलला तर ती दुगुन राहिली नाही, लयच बदलली.

सरकी टोबताना दोर ताणतात आणि त्याच्या खुणांवर बी टाकतात, तसं समजा. मात्रा म्हणजे त्या दोरावरच्या खुणा. दोन खुणांच्या मधल्या जागेत एक बी टाका, दोन टाका, चार टाका, पण खुणा जागच्या हलत नाहीत. एका मात्रेत एक बोल ही बराबरची लय, दोन बोल दुगुन, तीन तिगुन, चार चौगुन. बी जितकं जास्त तितकी त्यांची आपसातली जागा कमी, पण समान असली पाहिजे. 'समान' या शब्दावर माझा जोर आहे. चार बोल एका मात्रेत कसेबसे कोंबले तर ती चौगुन होत नाही.

वहीत ताल लिहिताना कोणत्या खुणा वापरायच्या?

आपल्याकडे दोन पद्धती चालतात. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत समेला X, खालीला ० आणि बाकीच्या टाळ्यांना २, ३, ४ असे क्रम लिहितात. एका मात्रेत एकापेक्षा जास्त बोल किंवा स्वर आले की त्यांच्या खाली अर्धगोल कंस काढतात. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांच्या पद्धतीत समेला १ आणि खालीला + असते, आणि प्रत्येक स्वराखाली तो किती वेळ चालतो याची वेगळी खूण असते.

दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. एका वहीत मात्र त्या मिसळू नका. एकीकडे X म्हणजे सम, दुसरीकडे त्यासारखंच दिसणारं + म्हणजे खाली. घाईत लिहिलेल्या उत्तरपत्रिकेत तपासणाऱ्याला हे दोन्ही सारखेच दिसतात. तुमचे गुरुजी जी पद्धत वापरतात ती धरा.

कंसातली अक्षरं वाचायची कशी? कुठलं अक्षर किती वेळ?

नियम एकच आहे. कंसात जितकी घरं असतील तितके मात्रेचे समान भाग करायचे. एका बोलाचं एक घर, आणि थांबण्याच्या प्रत्येक खुणेचंही एक घर. स्वरांपुढे ही खूण आडव्या रेघेने दाखवतात, बोलांपुढे आणि गाण्याच्या शब्दांपुढे ऽ या अवग्रहाने.

ही चार मात्रांची सरगम वाचा:

सा रेग म-प धनिधप

पहिल्या मात्रेत एकटा सा, पूर्ण मात्रा. दुसरीत रे आणि ग, अर्धी-अर्धी. तिसरीत तीन घरं: म दोन भाग चालतो आणि प शेवटच्या एका भागावर येतो. चौथीत चार स्वर, प्रत्येकी पाव मात्रा. आता तिसरी मात्रा बदलून म--प अशी करा. घरं चार झाली. म पाऊण मात्रा, प पाव मात्रा. म-प आणि म--प यांतला फरक कानाला ऐकू येईपर्यंत दोन्ही आलटून पालटून गा. अनेक जण दोन्ही सारखंच गातात आणि त्यांना कळतही नाही.

एकताल वाचताना मधेच अडखळायला होतं. का?

कारण एकतालाच्या ठेक्यातच मात्रेचे तीन प्रकार आहेत:

धिं धिं | धागे तिरकिट | तू ना | क त्ता | धागे तिरकिट | धी ना

धिं एका मात्रेचा, धागे दोन भागांचा, तिरकिट चार भागांचा. एक, दोन, चार अशा उड्या आहेत. पहिले महिनाभर फक्त 'धिं धिं धागे तिरकिट' एवढ्या चारच मात्रा गोल फिरवा. जीभ तिरकिटवर घसरते, तेव्हा पूर्ण ताल घेऊन बसण्यात काही फायदा नाही.

दुगुनीत तर खरा सापळा आहे. दोन मात्रा एकत्र येऊन 'धागेतिरकिट' एका मात्रेत बसतात. वरच्या नियमाने घरं मोजली तर सहा भरतात, आणि मुलं सहाही बोल सारख्या अंतराने म्हणून टाकतात. हे चूक आहे. मूळच्या एका मात्रेचा धागे आता अर्ध्या मात्रेत बसला, म्हणून धा आणि गे पाव-पाव मात्रेचे. उरलेल्या अर्ध्यात तिरकिट, म्हणजे प्रत्येक बोल मात्रेच्या आठव्या भागाचा. लिहिताना आधी दोन अर्धे भाग करा, मग प्रत्येक अर्ध्याच्या आत बोल भरा. मी मुलांना अशा ठिकाणी मात्रेच्या मधोमध पेन्सिलीने बारीक टिंब द्यायला लावतो. ते टिंब म्हणजे तिरकिटचा ति.

रोज सराव कसा करायचा? वेळ कमी असतो.

वाद्य बाजूला ठेवा. लयवाचन तोंड आणि हात यांचं काम आहे, त्यासाठी ना तबला लागतो ना पेटी. याला पढंत म्हणतात, आणि तबल्याच्या सगळ्या घराण्यांत ती मानाने केली जाते.

मांडी घालून बसा. तीनताल हातावर धरा: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात उलटा करून खाली, मधल्या मात्रा बोटांवर. बोल न म्हणता दोन-चार आवर्तनं हात नुसता फिरू द्या. हात स्थिर झाल्यावर तोंड उघडायचं.

मग मात्रेचे भाग. यासाठी आमच्या वर्गात आपल्याच गावांची नावं चालतात. एका भागाला मूल, दोनाला वर्-धा, तिनाला गों-दि-या, चाराला गड-चि-रो-ली. गडचिरोलीतला 'गड' एका दमात म्हणायचा. हाताची गती न बदलता चार मात्रा मूल, चार मात्रा वर्धा, चार मात्रा गोंदिया, चार मात्रा गडचिरोली, आणि तीनतालाचं एक आवर्तन पूर्ण. पुढच्या आवर्तनात उलटं खाली या. चढणं सगळ्यांना जमतं, उतरताना लय सांडते. चाराहून तिनावर येणं सगळ्यात अवघड आहे, तिथे थांबून तेवढाच जोड घोटा.

हे पंधरा मिनिटांत होतं. सकाळी शाळेची बस येण्याआधी होतं. रोज पंधरा मिनिटं केलेलं रविवारी सलग दोन तास केल्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतं.

दुगुन कोणत्या मात्रेपासून सुरू करायची, हे कसं काढायचं?

परीक्षेत बहुधा 'एका आवर्तनात दुगुन' असं विचारतात, म्हणजे दुगुन संपून लगेच सम आली पाहिजे. तालाच्या मात्रांना दोनने भागा. तेवढ्या मात्रा दुगुनीला लागतील. त्या एकूण मात्रांतून वजा करा, उरल्या तेवढ्या मात्रा आधी बराबरीत जातील.

झपताल घ्या. दहा मात्रा: धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना. दुगुनीला पाच लागतात, म्हणून पाच मात्रा बराबरीत आणि सहाव्या मात्रेपासून दुगुन:

६: धीना, ७: धीधी, ८: नाती, ९: नाधी, १०: धीना

आठव्या मात्रेकडे नीट पाहा. हात तिथे टाळी दाखवतो आणि तोंडात त्याच मात्रेत खालीचा बोल 'ती' येतो. तोंडाने ती म्हटलं की हात आपोआप उलटा व्हायला बघतो. हाताने तोंडाचं ऐकायचं नाही. हात मूळ तालाचा हिशेब ठेवतो, तोंड दुगुनीचा.

विषम मात्रांचा ताल आला की भागाकार पूर्ण जात नाही. रूपकाच्या सात मात्रा, दुगुनीला साडेतीन लागतात. मग चौथ्या मात्रेचा पहिला अर्धा भाग रिकामा: ऽती, आणि पुढे पाच, सहा, सात या मात्रांत उरलेले सहा बोल. रूपकात सम खालीवर असते हे लिहिताना विसरू नका.

तिगुन जमतच नाही. तीन बोल म्हणतो, पण गुरुजी म्हणतात तिगुन नाही झाली.

बहुतेक वेळा काय होतं ते सांगतो. मुलं 'गोंऽदिया' म्हणतात: गों लांबतो, दि आणि या घाईत उरकतात. म्हणजे मात्रेचे चार भाग करून पहिल्या बोलाला दोन दिलेले असतात. ती चौगुनीची एक चाल झाली. आपला कान केरव्याला (आठ मात्रांच्या तालाला) सरावलेला आहे, मात्रा दिसली की तो तिचे दोन किंवा चारच तुकडे करतो. तिनाची सवय वेगळी लावावी लागते.

उपाय दादरा. धा धी ना | धा ती ना हा सहा मात्रांचा ठेका म्हणा आणि हळूहळू लय वाढवा. वाढवता वाढवता एक वेळ अशी येते की हात सहा वेळा हलवणं नकोसं होतं. तेव्हा हात फक्त धा वर टाका. आता धाधीना ही एक मात्रा झाली, तिच्यात तीन समान बोल. ही तिगुन. ती चाल अंगात भिनू द्या आणि तोच हात धरून 'गों-दि-या' म्हणा. कोणत्याही बोलावर जोर देऊ नका, सुरुवातीला जोरच घात करतो.

जमलं की नाही हे पाहायला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. ऐकताना तिसऱ्या बोलाकडे लक्ष द्या: तो दुसऱ्याला चिकटलेला आहे, की पुढच्या मात्रेपासून आणि दुसऱ्या बोलापासून सारख्याच अंतरावर आहे?

हिशेबाचा भाग सोपा आहे. तीनतालाची तिगुन: सोळाला तीनने भागलं तर पाच आणि एक तृतीयांश. म्हणजे अकराव्या मात्रेत दोन घरं रिकामी सोडून सुरुवात:

११: ऽऽधा, १२: धिंधिंधा, १३: धाधिंधिं, १४: धाधातिं, १५: तिंताता, १६: धिंधिंधा

झपतालाची तिगुनही अशीच, सातव्या मात्रेत ऽऽधी पासून.

ऽ आला की काय करायचं? गप्प बसायचं का?

आवाज थांबतो, मोजणं थांबत नाही. सराव करताना पहिले काही दिवस ऽ च्या जागी मनात 'अ' म्हणा, ओठ हलले तरी चालतील. ज्यांची लय रिकाम्या जागेत पळते त्यांनी तर हे करायलाच हवं. गाणाऱ्यांसाठी ऽ म्हणजे आधीचा स्वर किंवा आकार तसाच चालू ठेवणं.

आड म्हणजे काय? हे मोठ्या परीक्षेचं आहे ना?

आड म्हणजे दीडपट, दोन मात्रांत तीन बोल. सव्वापटीला कुआड आणि पावणेदोनपटीला बिआड म्हणतात, पण या दोन्ही गोष्टी पुढच्या आहेत. आड मात्र लवकर सुरू करावी असं माझं ठाम मत आहे. तिगुन आल्यावर ती लगेच जमते.

दोन मात्रांचे मिळून सहा भाग करा. हात पहिल्या आणि चौथ्या भागावर. तोंड पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या भागावर. सुरुवातीला सहाही भाग मोठ्याने मोजा, मग तीनच ठेवा. दादऱ्याची आड लिहिली तर तिसऱ्या मात्रेपासून अशी येते:

३: धाऽधी, ४: ऽनाऽ, ५: धाऽती, ६: ऽनाऽ

प्रत्येक मात्रेत तीन घरं, प्रत्येक बोलाला दोन. चौथ्या आणि सहाव्या मात्रेच्या ठोक्यावर बोलच नाही, तिथे हात एकटा पडतो. त्या ठोक्यावर दचकायचं नाही एवढंच शिकायचं असतं.

'सर, माही लय वाढून जाते, काहून?'

सगळ्यांची वाढते. सोपा बोल आला की आपण घाई करतो, अवघड आला की थबकतो, आणि थबकल्याची भरपाई करताना पुन्हा पळतो. श्वासही कारण आहे: दम संपत आला की शेवटचे बोल उरकले जातात. आवर्तनात श्वास कुठे घ्यायचा हे आधीच ठरवा आणि वहीत खूण करा.

लय पक्की करायची असेल तर आधार कमी करत जा. आधी मेट्रोनोमचा ठोका प्रत्येक मात्रेला. मग ॲपची गती निम्मी करा आणि एकाआड एक मात्रेलाच ठोका येऊ द्या. ते जमलं की तोच ठोका मात्रेच्या बरोबर मधोमध आला असं समजून ठेका म्हणा. हे फार अवघड आहे, पण पळणारी लय याने जितकी जाग्यावर येते तितकी दुसऱ्या कशाने आलेली मी पाहिली नाही.

मेट्रोनोम नाही. लाईट जाते, मोबाइलही घरात एकच.

भिंतीवरचं सेकंदकाटा टकटक करणारं घड्याळ बघा. सेकंदाला एक टक, म्हणजे मिनिटाला साठ. सेलवर चालतं, लाईटशी संबंध नाही. या लयीत तीनतालाचं एक आवर्तन सोळा सेकंदांत होतं, आणि चौगुनीत सेकंदाला चार बोल येतात. शिकायला ही लय उत्तम आहे. शेतावर जाता-येता पावलांवर मात्रा धरूनही पढंत होते, फक्त चढ आला की पाऊल मंदावतं हे ध्यानात ठेवा.

मी गायन शिकते. मला तबल्याचे बोल कशाला?

स्वर लावताना लक्ष सुरात जातं आणि लय तबलजीच्या भरवशावर सुटते. मग बंदिशीचा (तालात बांधलेल्या गाण्याचा) मुखडा, म्हणजे समेवर नेणारी सुरुवातीची ओळ, कुठून उचलायचा ते कळत नाही. म्हणून नवीन बंदिश तीन वेळा वाचा. पहिल्यांदा स्वर न लावता फक्त शब्द, हातावर ताल धरून. दुसऱ्यांदा सरगमची नावं बोलून, सूर नाही. तिसऱ्यांदा गाऊन. मधली पायरी मुली गाळतात, आणि तीच महत्त्वाची आहे. हार्मोनियमवाल्यांनाही हेच लागू: डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे ताल पायाच्या अंगठ्याने धरा, पण पूर्ण पाय आपटू नका.

तिहाई समेवर येत नाही.

आधी मोजा, मग म्हणा. एक छोटी तिहाई (तीनदा म्हणून समेवर संपवायचा तुकडा): तिट कत धा. तिट एक मात्रा, कत एक, धा एक. तीन वेळा मिळून नऊ मात्रा, पण शेवटचा धा समेवर पडायचा आहे, म्हणून आधी आठ मात्रा हव्यात. तीनतालात ती नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उचला: ९-१०-११, १२-१३-१४, १५-१६ आणि सम. दोन तुकड्यांच्या मधे थोडाही दम घेतला तर सम गेली.

पाच आणि सात भाग कसे म्हणायचे?

मात्रेचे तीन भाग म्हणजे तिस्र जाती, चार चतस्र, पाच खंड, सात मिश्र आणि नऊ संकीर्ण. पाचासाठी वर्धा-गोंदिया, सातासाठी गोंदिया-गडचिरोली. कर्नाटक पद्धतीत यासाठी तकतकिट आणि तकिटतकधिमी असे बोल आहेत. दोन तुकड्यांच्या मधे फट पडू देऊ नका. सुरुवातीच्या परीक्षांत याची गरज नाही, चौगुन स्वच्छ होईपर्यंत थांबा.

मुलगा किबोर्ड शिकतो, त्याच्या पुस्तकात पाश्चात्त्य लिपी आहे. हे सगळं त्याला उपयोगी पडेल का?

पडेल. तिथे स्वराच्या आकारावरून वेळ कळते. चार ठोक्यांच्या मापात होल नोट चार ठोके, हाफ दोन, क्वार्टर एक, एट्थ अर्धा, सिक्स्टीन्थ पाव. स्वरापुढे टिंब असलं तर त्याची वेळ निम्म्याने वाढते, म्हणजे टिंबाची क्वार्टर नोट दीड ठोका. दोन एट्थ म्हणजे वर्धा, चार सिक्स्टीन्थ म्हणजे गडचिरोली. पण क्वार्टर म्हणजे कायम एक ठोका असं पाठ करू देऊ नका. सहा-आठच्या मापात मुख्य ठोके दोन असतात आणि प्रत्येकात तीन एट्थ बसतात. आपल्या दादऱ्याच्या चालीची गाणी पुष्कळदा याच मापात लिहिलेली सापडतात.

झाडीपट्टीच्या नाटकात वाजवायचं आहे. तिथे कागद लागतो का?

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागातली ही नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, वडसा हे त्यांचं मोठं केंद्र. रात्रभर नाटक, भरपूर गाणी, आणि संगीत समोर बसून प्रत्यक्ष वाजवलेलं. तिथे कान आणि नजर आधी लागते. पण तालमीत कोणत्या गाण्याला केरवा, कुठे दादरा, कुठे लय दुप्पट करून सोडायची, याची चिठ्ठी लिहिता आली तर नवीन माणूस दोन तालमींत तयार होतो. तेवढ्यासाठी टाळी-खाली आणि मात्रेचे भाग लिहिता येणं पुरे.

परीक्षेत नेमकं काय विचारतात?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या (स्थापना १९३१) परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्यांनी जातात. कोणत्या पायरीला कोणते ताल आणि किती लयकारी (दुगुन, तिगुन, आड वगैरे) हे मंडळाच्या अभ्यासक्रमात छापलेलं असतं, दुसऱ्याच्या जुन्या वहीवर विसंबू नका. तोंडी परीक्षेत हातावर टाळी-खाली दाखवत ठेका आणि त्याची दुगुन म्हणायला सांगतात. परीक्षक हात बघतात. हिवाळी सत्र ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत येतं आणि मुलं शेतात अडकतात. त्यांनी लयकारीचा अभ्यास पावसाळ्यातच उरकावा.

लहान लेकरांना कधीपासून शिकवावं?

टाळी वाजवता येते तेव्हापासून. पोळ्याच्या झडत्या, भोंडल्याची आणि भुलाबाईची गाणी म्हणताना टाळी धरायला लावा. ऽ आणि कंस नंतर येतील. सात-आठ वर्षांच्या लेकराला अपूर्णांक शिकवत बसू नका, गावांची नावं पुरतात.

गुरुजी नसताना आपलं बरोबर की चूक हे कसं कळेल?

दोघांनी मिळून बसा. एकाने फक्त हातावर ताल धरायचा आणि तोंड मिटून घ्यायचं, दुसऱ्याने डोळे मिटून दुगुन, तिगुन, चौगुन म्हणायची. सम एकत्र आली तर बरोबर. चुकली तर कोणत्या मात्रेपासून फाटलं ते हात धरणाऱ्याने सांगायचं, आणि तिथून दोन मात्रा मागे जाऊन पुन्हा उचलायचं. पहिल्यापासून सुरू करू नका, नाहीतर सुरुवातच पक्की होत राहते आणि अडलेली जागा तशीच राहते. एकटे असाल तर रेकॉर्डिंग करा आणि ते ऐकताना दुसऱ्या दिवशी हात धरा, त्याच दिवशी नको. वहीत तारीख, ताल आणि कुठे फाटलं एवढंच लिहा. पुढच्या तासाला ती वही गुरुजींसमोर उघडा.